रामसे आणि मंडळी

फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गिऱ्हाइकांत गोऱ्या साहेबांचा भरणा मोठा. त्यांच्या जिभेला ‘रामसिंघानी’ काही झेपेना, म्हणून त्यांनीच त्याचं ‘रामसे’ करून टाकलं आणि दुकानदारानंही तक्रार केली नाही. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचं दुकान थाटलं गेलं. हा रस्ता आजही वायरी, स्पीकर आणि सुट्या भागांसाठी ओळखला जातो. त्याच रस्त्यावर ‘नाझ’च्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या आणि थोड्या अंतरावर ‘मिनर्व्हा’ थिएटर. रेडिओ विकणाऱ्या माणसाला सिनेमाची बाधा व्हायला एवढा शेजार पुरेसा होता.

आधी त्यांनी सरळमार्गी चित्रपट काढले. 1954 चा ‘शहीद-ए-आज़म भगतसिंग’, 1963 चा ‘रुस्तम सोहराब’. दुसऱ्यात पृथ्वीराज कपूर आणि सुरैया, संगीत सज्जाद हुसेन यांचं आणि दिग्दर्शक विश्राम बेडेकर. होय, ‘रणांगण’वाले बेडेकरच. 1970 च्या ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’चे दिग्दर्शकही तेच. हा चित्रपट पडला. पण त्यात एक प्रसंग होता : पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा चढवून चोरी करायला येतात, पोलिसांच्या गोळ्या त्यांना लागत नाहीत आणि समोर मुमताज घाबरून गेलेली. रामसेंची मुलं थिएटरांत जाऊन प्रेक्षक बघत बसत. त्यांच्या लक्षात आलं की लोक त्या एका प्रसंगासाठी येतात आणि तो संपला की उठून जातात. तेव्हा सगळा चित्रपटच त्या प्रसंगासारखा केला तर? मराठीतल्या एका अत्यंत संयत कादंबरीकाराच्या हातून हिंदी भयपटाच्या कारखान्याची पायाभरणी व्हावी, हा योगायोग मला फार आवडतो. बेडेकरांना तो कितपत आवडला असता, ही शंकाच आहे.

मुलं सात. कुमार लिहायचा, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला आणि केशू छायाचित्रणापासून निर्मितीपर्यंत जिथे माणूस कमी पडेल तिथे. वडील पैसा आणि हिशेब सांभाळायचे. चित्रपटाचं शिक्षण म्हणाल तर जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणावरचं एक पुस्तक. ते घेऊन भावंडं काश्मीरला हाऊसबोटीवर जाऊन राहिली आणि तिथे त्यांनी त्याची पारायणं केली. चित्रीकरणाला अख्खं घर निघायचं. आई आणि सुना युनिटचा स्वयंपाक बघायच्या, कपडेपट घरातूनच यायचा.

नाशिककराला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’नंतर दादासाहेब फाळके मुंबई सोडून नाशकात आले आणि त्यांचीही चित्रसंस्था घरातूनच चालत होती. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत आणि वर सगळ्या मंडळींचं जेवणखाण बघत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, मुलगी मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली. 1918 मध्ये नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. तिच्या ‘श्रीकृष्णजन्म’चा जो तुकडा आज शिल्लक आहे, त्यात कंसाला भास होतो आणि त्याचं मुंडकं धडापासून सुटून वर तरंगायला लागतं. कॅमेऱ्याच्या करामतीनं माणसाचं शिर उडवून प्रेक्षकाला दचकवायचं, हा उद्योग आपल्याकडे गोदाकाठीच सुरू झाला, असं म्हणायला हरकत नाही. पुराणकथेच्या पांघरुणाखाली असल्यामुळे त्याला कुणी भयपट म्हटलं नाही, इतकंच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात सहलीला येणाऱ्या शाळकरी पोरांना हे मुंडकं आधी दाखवावं, बाकीची माहिती आपोआप लक्षात राहील.

रामसेंच्या चित्रपटांना नंबर लावायचे तर आधी एक अडचण. अमेरिकेत ज्याला स्लॅशर म्हणतात, म्हणजे सुरा-कुऱ्हाड घेऊन एकेकाला टिपत जाणाऱ्या खुन्याचा चित्रपट, त्याच्या मालिका रीतसर आकड्यांच्या असतात. ‘हॅलोवीन’ 1978 ला सुरू झाली आणि 2022 पर्यंत तिचे तेरा चित्रपट झाले. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ 1980 पासून 2009 पर्यंत बारा. खुनी बहुतेक वेळा तोच, मुखवटा तोच, बळी बदलतात. पहिल्यापेक्षा चौथा बरा की सहावा, यावर तिथले शौकीन हमरीतुमरीवर येतात. रामसेंनी आकडे कधी घातले नाहीत. एका चित्रपटाची गोष्ट दुसऱ्यात पुढे जात नाही. पण ओळीनं पाहायला बसलं की कळतं, ही मालिकाच आहे; पात्राची नव्हे, वास्तूची. तोच डोंगरावरचा वाडा, तेच धुकं, तोच कुरकुरणारा दरवाजा, तोच शाल पांघरलेला ठाकूर आणि गावाबाहेर जीप बंद पडलेली तीच तरुण मंडळी. अमेरिकन स्लॅशरमध्ये पोरं चाळे करतात म्हणून मरतात. रामसेंकडेही पोरं चाळे करतात आणि मरतात, पण मुळात आजोबा-पणजोबांनी कुणावर तरी अन्याय केलेला असतो. हिशेब पिढीजात आहे. माझ्या मते रामसेंची खरी कमाई हीच. आणि म्हणून माझी मोजपट्टीही सरळ आहे : चित्रपटात घर किती दिसतं? पडद्यावरचं शापित घर आणि पडद्यामागचं राबणारं घर, दोन्ही.

या पट्टीनं 1972 चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ माझ्याकडे तिसरा येतो. महाबळेश्वरला चित्रीकरण, सुमारे साडेतीन लाखांचा खर्च, चाळीसएक दिवसांत काम खलास. सरकारी विश्रामगृहातच राहायचं आणि तिथेच चित्रीकरण करायचं, म्हणजे सेटचा खर्च वाचला. सुरेंद्रकुमार, पूजा, इम्तियाज खान. एकही मोठा तारा नाही. बायको आणि तिचे साथीदार नवऱ्याला मारून पुरतात आणि नवरा परत येतो, बस. चित्रपट आज संथ वाटतो, अभिनय जागोजागी लाकडी आहे. पण महाबळेश्वरचं पावसाळी धुकं त्यात पात्रासारखं वावरतं. ज्यांनी तिथल्या जुन्या बंगल्यांत ओल्या भिंतींचा वास घेत रात्र काढली आहे, त्यांना भुताची वेगळी गरज भासणार नाही. कमी पैशात जागेकडून काम करून घ्यायचं, हा धडा या मंडळींनी इथे गिरवला आणि पुढे तो कधी सोडला नाही. कोकणात मुरूडला जंजिऱ्याच्या नवाबाचा समुद्राकाठचा वाडा आहे. पर्यटक त्याच्याकडे लांबून बघतात आणि म्हणतात, हा कुठे तरी पाहिलाय. रामसेंच्याच ‘पुरानी हवेली’त पाहिलेला असतो.

पुढची सहा-सात वर्षं चाचपडण्याची आहेत, त्यात फार रेंगाळत नाही. 1975 चा ‘अंधेरा’ विसरला तरी चालेल. 1978 चा ‘दरवाजा’ मात्र महत्त्वाचा, कारण जमीनदाराचं पाप, त्यातून आलेला शाप, डोंगरातली गुहा, दाराआडचा राक्षस हा सगळा मसाला इथे पहिल्यांदा एका पातेल्यात पडला. महत्त्वाचा, पण चांगला नव्हे. नंबर बराच खाली, नववा. 1979 च्या ‘और कौन?’ची आठवण मराठी माणसाला वेगळ्या कारणासाठी राहावी : त्यात आपला सचिन नायक आहे. ‘गीत गाता चल’ आणि ‘बालिका बधू’मधला तो गोड चेहरा भुताच्या गोष्टीत आणून बसवायचा, ही युक्ती धूर्त होती आणि निम्मी चालली. निम्मी अशासाठी की सचिनला घाबरलेला बघून आपल्याला भीती वाटत नाही, काळजी वाटते. 1980 च्या ‘गेस्ट हाउस’मध्ये तुटलेला हात बोटांवर सरपटत येऊन सूड घेतो. हात रबरी आहे हे शेवटच्या रांगेतूनही दिसतं. तरी तो पलंगाच्या पायाशी आला की पाय वर घेतले जातात. मी या दोघांना सहावा नंबर विभागून देतो.

1981 हे साल त्यांच्या कारखान्याचं सगळ्यात धावपळीचं. ‘दहशत’, ‘सन्नाटा’, ‘हॉटेल’, शिवाय रेखा आणि विजय आनंद असलेला ‘घुंगरू की आवाज’. एका वर्षात इतकं काम घरचीच माणसं असल्याशिवाय होत नाही. ‘दहशत’मध्ये ओम शिवपुरी वेडा डॉक्टर झाले आहेत आणि एकाच वेळी जीव ओतून आणि डोळा मारून काम केल्यासारखे वागतात. ते आहेत म्हणून चित्रपट सातवा, नाही तर तळाला गेला असता.

‘हॉटेल’ चौथा. एवढा वर कसा, असं विचारतील, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बिल्डर मंडळी एक दफनभूमी लाटतात, थडगी हलवतात आणि तिथे हॉटेल बांधतात. उद्‌घाटनाला सगळे जमतात आणि जमिनीखालचे लोक वर यायला लागतात. जवळजवळ हीच कल्पना 1982 मध्ये हॉलिवूडच्या ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये आली आणि जगभर गाजली. रामसेंनी बाहेरून बरंच उचललं, पण इथे ते एक वर्ष आधी होते, हे नोंदवून ठेवायला हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या चित्रपटात ठाकूर नाही, हवेली नाही. पाप आहे ते जमिनीच्या व्यवहाराचं. नाशकात गंगापूर रोडला द्राक्षबागा आणि मळे कापून रो-हाउस आणि रिसॉर्ट उभे राहताना ज्यांनी पाहिले, त्यांना यातले खलनायक नावागावासकट ओळखू येतील. तांत्रिक सफाई यथातथा, गाणी नको तिथे. पण गोष्ट पक्की. रामसेंनी शहराकडे बघणं इथे सुरू केलं होतं आणि का सोडून दिलं कुणास ठाऊक. सोडलं नसतं, तर पुढे जे व्हायचं ते कदाचित टळलं असतं.

मग 1984 चा ‘पुराना मंदिर’. पहिला नंबर, आणि त्यावर चर्चा नको.

गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी सुरू होते. सामरी नावाचा नरभक्षक तांत्रिक राजा हरिमानसिंगच्या ताब्यात सापडतो. त्याचं मुंडकं छाटून पेटीत बंद करतात आणि धड देवळामागे पुरतात. मरताना तो शाप देतो, या घराण्यातली प्रत्येक सून-लेक बाळंतपणात मरेल. आता आजच्या काळात ठाकूर प्रदीपकुमार, त्यांची मुलगी आरती गुप्ता, तिच्यावर प्रेम करणारा मोहनीश बहल आणि त्याचा मित्र पुनीत इस्सर. तरुण मंडळी जुन्या वाड्यावर जातात आणि पेटी उघडली जाते. श्रीकृष्णजन्मातल्या कंसाचं शिर धडापासून सुटल्याला तेव्हा सहासष्ट वर्षं झाली होती. रामसेंनी ते पुन्हा धडाला जोडून उठवलं.

अनिरुद्ध अग्रवाल सामरी झाले. रूडकीचा शिकलेला सिव्हिल इंजिनियर. उंची अफाट, चेहऱ्याची हाडं दगडी, आणि त्यावर रंगभूषा मोजकीच लागली. पुढे ‘बँडिट क्वीन’मध्ये हाच माणूस बाबू गुज्जर झाला आणि तिथे रंगभूषेशिवायच जास्त भीती वाटली. ‘पुराना मंदिर’मध्ये त्यांना पडद्यावर वेळ तसा कमी आहे. तुलसी-श्याम त्यांना अंधारात ठेवतात, डोळे तेवढे दाखवतात, पावलांचा आवाज ऐकवतात. किरण रामसेंचा ध्वनी इथे निम्मं काम करून जातो : श्वास, साखळी, वारा, मग काही क्षण शांतता. गंगूचा कॅमेरा लाल-निळ्या प्रकाशात वाडा असा न्हाऊ घालतो की तो कुठल्याच गावातला वाटत नाही. आणि वाड्याचा पहारेकरी म्हणून आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर! ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीनंतर लगेच हे काम. एका डोळ्यानं घाबरवायचं आणि दुसऱ्यानं विनोद करायचा, हे त्यांना जमत होतं.

याच चित्रपटात जगदीप मच्छरसिंग होऊन ‘शोले’ची अख्खी टवाळी करतात. समीक्षकांना हे उपकथानक कापून टाकावंसं वाटतं, मला नाही. प्रेक्षकाला भीतीबरोबर श्वासही लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय पुढचा इतिहास बघा. 2000 च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात मालेगावला नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, तोही असाच : मोठ्या चित्रपटाची गरिबाघरची नक्कल, हसत-खेळत आणि हाताशी असलेल्या तंत्रानं. यंत्रमागावर आठवडाभर राबून शुक्रवारच्या सुट्टीला पडद्यासमोर बसणारा मालेगावचा प्रेक्षक आणि रामसेंचा प्रेक्षक यांच्यात मला फरक दिसत नाही. मोठ्या शहरांतल्या वर्तमानपत्रांनी या चित्रपटांना ओळीभर जागा दिली नाही तेव्हा वितरकांनी त्यांच्यावर पैसे लावले ते अशाच गावांच्या भरवशावर. ‘ए’ प्रमाणपत्र, भडक भित्तिपत्रकं आणि रात्रीचा खेळ.

‘पुराना मंदिर’चा शेवट महादेवाच्या त्रिशुळानं होतो. इथे एक तक्रार नोंदवतो. महाराष्ट्राच्या मातीत चित्रीकरण करूनही या मंडळींना आपली भुतं कधी दिसली नाहीत. मुंजा, हडळ, जखीण, वेताळ, ब्रह्मसमंध, चकवा; प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, जागा वेगळी, मागणं वेगळं. पिंपळावरचा मुंजा आणि विहिरीतली हडळ यांच्यात गल्लत करणारी आजी मराठीत सापडायची नाही. रामसेंचा राक्षस थोडा ड्रॅक्युला, थोडा फ्रँकेन्स्टाइन आणि वर कपाळाला शेंदूर. तसाच त्यांचा वाडाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना माहीत आहे, तिथली खरी भीती पावसाळ्यात खचणाऱ्या भिंतीची आणि भाऊबंदकीच्या दाव्यांची असते. रामसेंच्या हवेलीत एवढ्या खोल्या, पण वाटणी मागायला एकही चुलतभाऊ नाही. यावर मी अविश्वास दाखवू शकतो, भुतावर नाही.

यशानंतर व्हायचं ते झालं. 1984 मध्ये मल्याळममध्ये ‘माय डियर कुट्टिचातन’नं भारतातला पहिला त्रिमितीपट म्हणून नाव काढलं आणि सगळ्यांना चष्मे वाटायची घाई झाली. रामसेंनी 1985 मध्ये ‘सामरी 3डी’ आणला. नाव तेच, अनिरुद्ध अग्रवाल तेच, प्रेम चोप्रा जोडीला, बाकी ‘पुराना मंदिर’शी संबंध नाही. चित्रपटाचा बराच वेळ वस्तू कॅमेऱ्याच्या दिशेनं फेकण्यात जातो. आज तो चष्म्याशिवाय पाहताना, कुणीतरी आपल्यावर उगाच हातवारे करतंय असं वाटत राहतं. तळाचा नंबर. 1986 चा ‘तहखाना’ त्याच्या एक पायरी वर. खजिना, तळघर, हेमंत बिर्जे यांचे दंड आणि शेवटच्या वीस मिनिटांपुरता दम.

1988 चा ‘वीराना’ हा मालिकेतला सगळ्यात लाडका चित्रपट. आज रामसेंचं नाव काढलं की तरुण मुलं हाच सांगतात. श्याम रामसे एक किस्सा सांगत : 1983 मध्ये महाबळेश्वरहून परतताना रात्री त्यांनी एका बाईला गाडीत घेतलं आणि तिचे पाय उलटे दिसले. किस्सा खरा असेल-नसेल, जाहिरातीला फार कामाचा होता. चेटकिणीचा आत्मा ठाकुराच्या मुलीत शिरतो आणि ती पुरुषांना जाळ्यात ओढते. ते काम करणारी जास्मिन या चित्रपटानंतर पडद्यावरून गेली आणि तिच्याभोवती दंतकथांचं जाळं विणलं गेलं. संगीत बप्पी लाहिरींचं. सतीश शहा यांनी हिचकॉक नावाच्या भयपट-दिग्दर्शकाचं काम केलंय, म्हणजे रामसेंनी स्वतःचीच टिंगल पडद्यावर मांडली. इतकं सगळं असून मी त्याला पाचवाच ठेवतो. कारण भीती जिथे तयार व्हायला हवी तिथे कॅमेरा जास्मिनकडे टक लावून बसतो. सौंदर्याला माझी हरकत नाही. पण ‘वीराना’ अर्ध्यातून आपण कुठला चित्रपट पाहायला आलो हे विसरतो. 1989 चा ‘पुरानी हवेली’ आठवा. मुरूडचा वाडा सुंदर, माणसं विसरण्याजोगी.

त्याच वर्षी वडील गेले. भावंडं आधीच एकेक करून वेगळी व्हायला लागली होती. केशूनं 1987 मध्ये ‘डाक बंगला’ स्वतंत्रपणे काढला आणि नंतर तो भयपटांपासून दूर जाऊन अक्षयकुमारच्या ‘सबसे बड़ा खिलाड़ी’, ‘खिलाड़ियों का खिलाड़ी’ यांचा निर्माता झाला. पैशाच्या हिशेबात तो सगळ्या भावांच्या पुढे गेला असावा. बाजारही बदलत होता. व्हिडिओ कॅसेट गल्लोगल्ली पोहोचली, मोहन भाक्री, विनोद तलवार यांच्यासारखे नकलाकार आणखी स्वस्तात भुतं उठवू लागले.

अशा पडत्या काळात 1990 चा ‘बंद दरवाजा’ आला, म्हणून मला तो विशेष वाटतो. नंबर दुसरा. काळ्या पहाडीवर नेवला नावाचा रक्तपिपासू राहतो, शवपेटीत झोपतो, रात्री वटवाघळासारखा उडतो. ड्रॅक्युलाच, लपवाछपवी नाही. पण त्याच्याकडे जाते कोण, तर मूल होत नाही म्हणून घरात टोमणे खाणारी ठकुराइन. तो मूल देतो, अट अशी की मुलगी झाली तर ती त्याची. इथे शाप बाहेरून येत नाही. घरानं एका बाईला कोपऱ्यात ढकललं आणि तिनं सौदा केला. रामसेंच्या अख्ख्या कारकिर्दीत एवढी मानवी सुरुवात दुसऱ्या कुठल्या गोष्टीला नाही. अनिरुद्ध अग्रवाल यांना इथे भरपूर वाव आहे, अरुणा इराणी त्या पहाडीवर चेटकीण बनून धमाल करतात आणि कुनिकानं रंगवलेली ती सौद्यातली मुलगी वाया गेलेल्या आयुष्याचा राग घेऊन वावरते. उत्तरार्धात पाठलाग जरा लांबतो. तेवढं चालवून घ्यावं.

खऱ्या अर्थानं स्लॅशर म्हणता येईल असा त्यांचा चित्रपट म्हणजे ‘महाकाल’. वेस क्रेवनचा ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ 1984 मध्ये आला. त्यातला फ्रेडी, बोटांना पाती लावून स्वप्नात शिरून पोरांना मारणारा, रामसेंनी शाकाल नावानं आणला. मोहन भाक्रींनी ‘खूनी मुर्दा’मध्ये 1989 लाच तो हिसकावला होता, त्यामुळे रामसेंचा चित्रपट रखडला आणि 1994 मध्ये लागला. अर्चना पूरणसिंग, करण शाह, कुलभूषण खरबंदा आणि जॉनी लिव्हर. वर्गाच्या रिकाम्या व्हरांड्यातला स्वप्नप्रसंग चांगला जमलाय. पण स्वप्नातून जागं व्हावं तसं दर दहा मिनिटांनी जॉनी लिव्हर येऊन आपल्याला जागं करतात. दहावा. गंमत अशी की याच सुमारास, एप्रिल 1993 मध्ये, महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’नं अमेरिकेतला दुसरा स्लॅशर, 1988 चा ‘चाइल्ड्स प्ले’, मराठीत आणला. रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू हा बाहुला, दिलीप प्रभावळकर यांचा आवाज, लक्ष्मीकांत बेर्डे. तात्या विंचूची ती फाटक्या आवाजातली धमकी आज तिशी-चाळिशीतल्या मराठी माणसाला झोपेतून उठवूनही म्हणता येईल. शाकालचं नाव कुणाला आठवत नाही. उसनवारी दोघांनी केली. कोठाऱ्यांनी मात्र त्या भुताला गाव दिलं, भाषा दिली आणि हवालदार दिला.

1993 मध्येच ‘झी हॉरर शो’ सुरू झाला. पहिली कथा ‘दस्तक’, त्यात पंकज धीर आणि अर्चना पूरणसिंग. शीर्षकसंगीत सुरू झालं की घरोघर लहान मुलं पांघरुणात शिरत आणि एक डोळा बाहेर ठेवत. रामसेंना जेवढे प्रेक्षक थिएटरात मिळाले नसतील तेवढे इथे मिळाले, अनेक वर्षं मिळत राहिले. पण जो प्रेक्षक पैसे मोजून रात्रीच्या खेळाला येत होता, तो आता भूत घरी फुकट बघू लागला. रामसेंनीच आपला धंदा दिवाणखान्यात नेऊन ठेवला. इकडे रामगोपाल वर्मा यांनी 2003 मध्ये ‘भूत’मधून भीती मुंबईच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आणली, तीच शहरी वाट जी ‘हॉटेल’नं दाखवली होती. त्याच वर्षी श्याम रामसेंचा ‘धुंद’ आला आणि धुक्यातच गेला. पुढच्या पिढीनं, तुलसींचा मुलगा दीपक आणि श्यामची मुलगी साशा यांनी, नाव चालू ठेवायचा प्रयत्न केला. त्या चित्रपटांना मी क्रम लावत नाही. तिथे घर उरलं नव्हतं, फक्त आडनाव होतं.

केशू 2010 मध्ये गेला. डिसेंबर 2018 मध्ये तुलसी, सप्टेंबर 2019 मध्ये श्याम, 2021 मध्ये कुमार आणि एप्रिल 2024 मध्ये गंगू. दरम्यान 2017 मध्ये शाम्य दासगुप्ता यांनी या कुटुंबावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ज्या वर्तमानपत्रांनी कधी त्यांच्या चित्रपटांची परीक्षणं छापली नव्हती, त्यांनी मोठाले मृत्युलेख छापले. 2018 मध्ये ‘स्त्री’ आणि ‘तुंबाड’ आले, भयपटाला प्रतिष्ठा मिळाली, आणि मग प्रत्येकाला लहानपणी पाहिलेले रामसे आठवायला लागले. भयकथाकार नारायण धारपांच्या वाचकाला ‘तुंबाड’मध्ये जे मिळालं ते रामसेंकडे कधीच नव्हतं, हे मान्य. पण धारपांचा वाचक आणि रात्रीच्या खेळाचा प्रेक्षक एकाच माणसाच्या पोटात नांदू शकतो. मी अशी पुष्कळ माणसं नाशकात पाहिली आहेत, आणि त्यातली बहुतेक ‘वीराना’च्या बाजूची आहेत. त्यांनी भांडायला जरूर यावं, फक्त येण्याआधी ‘बंद दरवाजा’ एकदा दिवे बंद करून पाहावा.